कच्च्या वहीतली गायिका

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात इंग्रजी शिकून मोठी झालेली माणसं पुष्कळ आहेत. पण इंग्रजीत नापास होऊन आयुष्यभर इंग्रजीवरच पोट भरलेली बाई अख्ख्या जिल्ह्यात एकच, आणि तिला नापास करण्याचा मान माझा आहे. मी पास केलेल्या मुली आता रस्त्यात भेटल्या तर मला ओळखत नाहीत. ही ओळखते. भर बाजारात लांबून हात वर करून ओरडते, "बाई, मी तुमची नापास पोरगी!" मग आजूबाजूची माणसं आधी तिच्याकडे पाहतात, मग माझ्याकडे, आणि दोष कुणाचा ते मनाशी ठरवून भाजी घ्यायला लागतात.

मुलांनो, तुम्ही मागच्या दिवाळीत परदेशातून आजीकडे आलात तेव्हा सोनेरी टिकल्यांचे बूट घालून जी बाई आपल्या अंगणात फराळाला आली होती, तीच ही. तुम्ही तिचं नाव 'जॅझवाली आजी' ठेवलंत. ती साठीची आणि मी ऐंशीच्या घरात, त्यामुळे 'आजी' तिला मुळीच आवडलं नाही; पण 'जॅझवाली' इतकं आवडलं की तुमचा फोन येऊन गेला की विचारते, "माह्ये दोन चाहते काय म्हनतात?" जॅझ तुमच्या तिकडचं गाणं, तेव्हा ते काय असतं हे मी तुम्हाला सांगणं बरं नव्हे. मला त्यातलं इतकंच कळलं आहे की लिहिलेलं एक असतं आणि गायचं दुसरंच असतं. माझ्यासारख्या बाईला, जिच्या स्वयंपाकघरातल्या मिठाच्या डब्यावरसुद्धा 'मीठ' अशी चिठ्ठी चिकटवलेली आहे, एवढं कळायलाही पुष्कळ वर्षं लागली.

ती माझ्याकडे नववीत होती. वडील मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढ्याचे, त्यांची स्वतःची भीमगीतांची गायन पार्टी होती. हार्मोनियम, ढोलक, चार कोरसवाले, आणि कोरसाच्या मधोमध ही, नऊ वर्षांची असल्यापासून. या पार्ट्यांचे गावोगाव सवाल-जवाब चालायचे; एका पार्टीने गाण्यातून सवाल टाकायचा आणि समोरच्या पार्टीने त्याच चालीवर, जागच्या जागी, जवाब जोडायचा. हे सगळं मी तिच्याकडूनच पुढे ऐकलं. त्या काळी तिच्या वडिलांची पार्टी आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून गायची तेव्हा मी खिडकी लावून पेपर तपासत असे, हे मी तुम्हाला लपवून काय उपयोग? शाळेत ती प्रार्थनेला कधी वेळेवर आली नाही. प्रार्थना अर्ध्यावर आली की फाटकातून शिरायची आणि चालता चालताच तिसऱ्या कडव्यात सामील व्हायची, तेही सगळी शाळा ज्या सुरात गात असे त्याच्या चार पायऱ्या वरून. मी फाटकापाशी छडी घेऊन उभी. ती छडीला नमस्कार करून पुढे जायची.

तोंडी परीक्षेला बारा ओळींची एक इंग्रजी कविता पाठ म्हणायची होती. हिने पहिली ओळ म्हटली, थांबली, तीच पुन्हा म्हटली पण जोर दुसऱ्याच शब्दावर दिला. दुसरी ओळ इतकी ओढली की मी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मग चौथी आधी आणि तिसरी नंतर घेतली, आणि शेवट जो केला तो कवीने लिहिलेलाच नव्हता. मुलींनी बाकं वाजवली. मी शून्य दिलं आणि शेरा लिहिला, 'पाठांतर नाही, शिस्त नाही, स्वतःच्या मनाचं घालते.' पुढे मोठमोठ्या हॉटेलांत लोक तिला ऐकायला येत ते याच तीन गोष्टींसाठी. म्हणजे निदान माझं निरीक्षण चूक नव्हतं.

नापास झाल्यावर ती कल्याणला मामाकडे गेली आणि तिथे एका ऑर्केस्ट्रात सिनेमाची गाणी म्हणू लागली. त्या ऑर्केस्ट्रात गोव्याचा एक म्हातारा ट्रंपेटवाला होता. एकदा कार्यक्रमाआधी वाद्यं जुळवताना त्याने गंमत म्हणून ट्रंपेटवर एक लहानशी तान सोडली. हिला वाटलं, सवाल आला. सवाल आला की जवाब द्यायचा, एवढं तिला वडिलांनी शिकवलेलं. हिने तोंडानेच, शब्दांशिवाय, त्याला जवाब दिला. त्याने दुसरी तान टाकली, ती अवघड. हिने तीही परतवली आणि वर आपली एक जोडली. बाकीचे वादक वाद्यं मांडीवर ठेवून ऐकत बसले. म्हाताऱ्याने नंतर विचारलं, "हे तू कुठे शिकलीस?" ही म्हणाली, "धामणगाव बढ्याले." त्या भल्या माणसाने ते नाव आदराने आपल्या डायरीत लिहून घेतलं.

त्यानेच तिला जॅझ शिकवलं, हॉटेलात नेलं, आणि हॉटेलातून ती परदेशी फिरणाऱ्या प्रवासी बोटीवर गेली. नऊ वर्षं रोज संध्याकाळी समुद्रावर गायली. इंग्रजी गाणी देवनागरीत लिहून घ्यायची, बंजारा बायकांच्या घागऱ्यासारखा आरशांचा झगा घालायचा आणि उभं राहायचं. मी एकदा शिक्षिकेच्या तोऱ्यात विचारलं, "अगं, पण अर्थ कळायचा का तुला?" तर म्हणाली, "बाई, अर्थ तुमाले कळते. मले गानं कळते." त्या दिवशी मी चहात साखर दोनदा घातली.

पुढे हॉटेलांनी बँडवाल्यांना रजा देऊन यंत्रं आणली, ट्रंपेटवाला वारला, आणि सहा वर्षांपूर्वी ही दोन ट्रंका घेऊन परत आली. भाऊ गावी बोलवत होता, पण "गावात झगे घालून शेन काढू काय?" असं म्हणून तिने आपल्या मागच्या गल्लीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या. तेव्हापासून गल्लीला शांतता नाही. ती दहाला उठते आणि भर दुपारी दोनला, आम्ही सगळी म्हातारी माणसं आडवी झालो की, गळा साफ करते. पहिल्या आठवड्यात समोरचे निवृत्त पोस्टमास्तर घाबरून माझ्याकडे आले. "मॅडम, थ्या बाईले दुखते काय काही? मघापासून 'डाबा डूबा' करून राह्यली." मी तिला सांगितलं की दुपारी लोक झोपतात. ती म्हणाली, "म्हून तर. जागे असले म्हंजे मंधात बोलतात." ट्रंकांतले झगे ती घरात रोज वापरते. जांभळ्या मखमलीच्या झग्यात तिला मी अंगण झाडताना पाहिलं आहे, आणि हिरव्या झग्याच्या बाहीला हळदीचा डाग पडला तेव्हा तिच्यापेक्षा मलाच वाईट वाटलं. "अगं, जपून ठेव ना!" मी म्हटलं. "ठेवून काय लोनचं घालू?" आठवडी बाजारात ती भाजी घ्यायला जात नाही, ऐकायला जाते. टमाटेवाला आणि कांदेवाला शेजारी बसून आळीपाळीने ओरडतात, त्यांच्या मधोमध ही पिशवी घेऊन उभी राहते. एकदा न राहवून तिने टमाटेवाल्याच्या हाळीवर आपला सूर चढवला, कांदेवाल्याने चिडून जास्त जोरात उत्तर दिलं, हिने त्यालाही घेतलं, आणि अर्ध्या तासात दोघांच्या टोपल्या रिकाम्या. "मावशी, येत जा दर बाजाराले," टमाटेवाला म्हणाला. मी चार दुकानं पलीकडे मसाल्याच्या पोत्याआड उभी होते, ओळख लागू नये म्हणून.

आणि उशीर! दवाखान्यात उशिरा, लग्नात उशिरा, स्वतःच्या वाढदिवसाला उशिरा. पण उशीर हीच माझी विद्या, असं ती छातीठोक सांगते. तिने मला एकदा पाटावर बसवून समजावलं, "ठोका पडू द्याचा. आपन लगेच नाही याचं. पंगत बसल्यावर येनाऱ्या पाहुन्याकडं साऱ्यायचं ध्यान जाते का नाही?" मग ती गायला लागली आणि मला टाळी धरायला सांगितली. मी टाळी धरली. तिने मध्येच गाणं थांबवून माझे दोन्ही हात प्रेमाने धरून माझ्या मांडीवर ठेवले. गाणं संपेपर्यंत ते तिथेच होते.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात तिचं गाणं ठेवावं ही कल्पना माझी. मी संघाची सचिव आहे हे तुम्हाला माहीत आहे; नसलं तर तुमच्या आईला विचारा, ती सांगताना डोळे फिरवते. मी कार्यक्रमपत्रिका टाइप करून आणली. चार वाजता स्वागत, चार पाचला परिचय, चार दहाला गायन, साडेचारला आभार. चार दहाला गायिका नव्हती. सव्वाचारला नव्हती. साडेचारला मी उठले आणि पत्रिकेप्रमाणे, इतका सुंदर कार्यक्रम केल्याबद्दल गायिकेचे मनःपूर्वक आभार मानले. कुणी हसलं नाही. आमच्या संघात आभारांना टाळ्या वाजवायची सवय आहे, त्या वाजल्या. त्या टाळ्यांतच ती लाल झग्यात दारातून आत आली आणि टाळ्या आपल्यालाच आहेत असं समजून वाकली.

पहिलं गाणं झालं तरी सभागृह गप्प. मागून एक निवृत्त कृषी सहायक म्हणाले, "गानं सुरू झालं का अजून माइकच तपासून राह्यल्या?" मी लाजेने पत्रिकेची घडी घालू लागले. पण तिने काय केलं, माइक बाजूला ठेवला, थेट त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि त्यांच्याच प्रश्नाला चाल लावून तो त्यांच्याकडे परत फेकला. कृषी सहायक गोंधळले, मग खाकरले, आणि त्यांनी बसल्या जागेवरून उलटा एक टोला लगावला, भसाड्या आवाजात पण अगदी ठेक्यात. मग पोस्टमास्तर पेटले. मग बायका. पाव तासात तीस म्हातारी माणसं 'डूबा डूबा' करत होती आणि कुणाचे गुडघे दुखत नव्हते. हाताची घडी घालून एकच बाई बसली होती, कारण हे पत्रिकेत नव्हतं.

संपल्यावर चहा पिताना ती दोनदा खोकली. आमच्या संघात एक निवृत्त नर्सबाई आहेत, त्यांनी कप खाली ठेवला, तिच्या गळ्याला दोन बोटं लावली आणि विचारलं, "ही गाठ केव्हापासून आहे वो?"

"असू द्या, दागिना हाय," ती म्हणाली. पण नर्सबाईंनी बोटं काढली नाहीत.

अकोल्याच्या डॉक्टरांकडे मी तिच्याबरोबर गेले. अकरा प्रश्न लिहून नेले होते, महत्त्वाच्या क्रमाने. तिने एकच विचारला. "डॉक्टर, वरचा जाईन का खालचा?"

"काय?"

"आवाज."

डॉक्टर तरुण होते पण खरं बोलणारे होते. गाठ काढावीच लागेल, थांबण्यात अर्थ नाही. आवाजाची नस अगदी तिथूनच जाते, आम्ही जपू, पण काहींचा आवाज जसाच्या तसा राहतो आणि काहींचा उतरतो, आधी सांगता येत नाही. माझे अकराही प्रश्न पर्समध्येच राहिले. परतीच्या बसमध्ये खामगाव सोडून बोथ्याच्या घाटाचं जंगल लागलं तेव्हा खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "बाई, बोटीवर नऊ वर्स गायली. एकबी गानं कोनी टेपात भरून ठेवलं नाही."

"का गं?"

"लोक जेवून राह्यले असतात. जेवता जेवता कोन भरते?" मग माझ्याकडे वळून, "भावाच्या घरी कोनाले खरं वाटत नाही मी गात होती म्हून. झगे पाह्यतात अन हासतात. तुमी ठेवा ना थोडं, बाई. तुमाले ठेवता येते."

मुलांनो, मला आयुष्यात कुणी इतकी मोठी गोष्ट मागितली नव्हती, आणि इतक्या योग्य माणसाकडे मागितली आहे असं मला वाटलं. शस्त्रक्रियेला तीन आठवडे होते. मी दुसऱ्याच दिवशी चौदा गाण्यांची यादी केली. रोज चार वाजता, पुढच्या खोलीत, पंखा बंद, मोबाइल शब्दकोशाला टेकवून उभा. यात मी माझी जुनी पद्धत लावली. शाळेत मुलींना मी नेहमी सांगत असे, आधी कच्च्या वहीत लिहा, खोडा, सुधारा. मग पक्क्या वहीत स्वच्छ उतरवा, आणि पक्की तयार झाली की कच्ची रद्दीत. पसारा ठेवायचा नाही.

"सुरू करू, बाई?"

"थांब. आधी तुझं नाव, मग गाण्याचा क्रमांक सांग."

"गान्यालेबी हजेरी हाय काय?"

पहिल्या दिवशी पहिलं गाणं झालं. संध्याकाळी मी ते ऐकलं. मध्येच शेजारच्या कुकरची शिट्टी होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा गायला लावलं. शिट्टी नव्हती, पण दुसऱ्या कडव्यात ती जिथे काल वर गेली होती तिथे आज खाली आली. "यातलं बरोबर कुठलं?" मी विचारलं.

"दोनी."

"दोन्ही कसं बरोबर असेल? काल वर का गेलीस?"

"काल वर जावावं वाटलं."

"आणि आज?"

"आज तुमी पोहे केले."

असं रोज. कधी ती मध्येच हसली, कधी एक ओळ गाळली, कधी शेवटाला असं वळण घेतलं की मी 'संपलं' म्हणून बटण दाबलं आणि ते संपलेलं नव्हतं. एकदा तिने एक गाणं इतकं हळू म्हटलं की मी पेन्सिल खाली ठेवून नुसती बसून राहिले. पण त्यात बाहेर भंगारवाला ओरडला होता, म्हणून ते मी बाद केलं. माझ्या मोबाइलमध्ये जागा कमी, आणि पसारा मला खपत नाही. नवीन भरलं की जुनं पुसायचं. मोबाइलची जागा कशाने अडली होती, तेही सांगते. आमच्या संघातले सभासद रोज सकाळी गुलाबाची फुलं आणि सुविचार पाठवतात. ती मी एकही पुसली नव्हती. माणसांनी आठवणीने पाठवलेली, पुसणं बरं दिसत नाही, म्हणून.

शेवटच्या दिवशी पक्की प्रत करायची असं मी ठरवलं होतं. चौदाही गाणी एका बैठकीत, स्वच्छ. त्यासाठी आदल्या रात्री मी मोबाइलमधली होती नव्हती ती कच्ची गाणी पुसून जागा करून ठेवली. दुपारची वेळ दिली होती. पण तिचा भाऊ गाडी घेऊन सकाळीच आला, कारण अकोल्याच्या दवाखान्याने लवकर बोलावलं होतं. ती पिशवी हातात घेऊन माझ्या दारात उभी. माझी अंघोळ व्हायची होती. "बाई, एकच होईन," ती म्हणाली, आणि पिशवी न ठेवता उंबऱ्यातच गायला लागली. मी धावत जाऊन मोबाइल आणला, तोवर पहिलं कडवं गेलं होतं. दुसऱ्याच्या शेवटी भावाने हॉर्न वाजवला. ती हसली, हात केला आणि गेली.

शस्त्रक्रिया नीट झाली. गाठ साधी निघाली, जिवाचं भय गेलं. महिनाभर बोलायचं नाही असं सांगितलेलं. त्या महिन्यात ती बाजारात शिट्ट्या आणि चुटक्या वाजवून भाव करायची, आणि मी गल्लीत सगळ्यांना सांगत होते की काळजी नको, गाणी माझ्याजवळ सुरक्षित आहेत. मी असं खरंच सांगत होते. माणूस इतक्या वर्षांच्या सवयीने बोलतो तेव्हा आपण काय बोलतो ते ऐकत नाही. पुढे आवाज आला तो पोकळ, वाऱ्यासारखा. दोन महिन्यांनी थोडा भरला, पण खालीच राहिला. एक दिवस चार वाजता ती आली, आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसली आणि कुजबुजल्यासारखं म्हणाली, "लावा ना, बाई. माहा आधीचा आवाज आईकू द्या."

मी मोबाइल हातात घेतला आणि तसाच धरून बसले. मग सांगितलं. यादी, शिट्टी, भंगारवाला, जागा, सगळं क्रमाने सांगितलं, जणू क्रमाने सांगितल्याने कमी वाईट वाटेल.

"म्हंजे मी रोज गाऊन राह्यली होती, अन तुमी रोज पुसून राह्यले होते?"

"हो."

"काऊन?"

"नीट येईल म्हणून."

ती रागावली नाही. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. "बाई," ती म्हणाली, "थे नीटच होतं. साऱ्या येळा नीट होतं."

जे उरलं होतं ते मी लावलं. सव्वा मिनिट. उंबऱ्यातलं ते अर्धं गाणं; त्यात तिचा आवाज लांबून येतो, आणि माझा अगदी जवळून, खणखणीत. मी म्हणते आहे, "जरा पुढे ये! स्पष्ट!" तिने ते दोनदा ऐकलं. मग उठली, सोनेरी बूट घातले आणि गेली. नऊ दिवस फिरकली नाही.

त्या नऊ दिवसांत मी काय काय केलं ते सांगायला लाज वाटते. मोबाइलच्या दुकानात जाऊन पुसलेलं परत येतं का विचारलं. तिथल्या माणसाने नम्रपणे नाही म्हणून सांगितलं आणि मला पाणी दिलं. सगळी गुलाबाची फुलं पुसली; एक दुपार लागली, उपयोग काहीच नव्हता. मग तिला पत्र लिहायला बसले. पहिलं फार लांब झालं. दुसऱ्यात मी स्वतःची बाजू मांडत होते. तिसऱ्यात खाडाखोड झाली. चौथं नीट उतरलं, तेव्हा पहिली तीन फाडायला हातात घेतली आणि माझा हात थांबला. चारही कागद मी तिच्या दाराखालून आत सरकवले, आणि एखाद्या शाळकरी पोरीसारखी पळत घरी आले. म्हणजे मी पळत होते, पाहणाऱ्याला चालताना दिसले असेन.

ती सव्वा मिनिटाची फीत, मुलांनो, या पत्रासोबत तुम्हाला पाठवते आहे. माझ्या आवाजाकडे दुर्लक्ष करा. मागे जो आवाज आहे तो कसा होता हे तुम्ही फोनवर विचारलं होतंत, आणि मी "छान होता" म्हणाले होते. जन्मभर मुलींना विशेषणं शिकवली आणि माझ्याकडे हे एक निघालं.

परवा दुपारी ती आली. चार वाजता नव्हे, अडीचला, मी आडवी झाले असताना. हातात ओल्या तुरीच्या शेंगांची मोठी पिशवी, भावाने गावाहून पाठवलेली. पत्रांबद्दल एक शब्द नाही. ओसरीत सतरंजी पसरली, शेंगा ओतल्या आणि म्हणाली, "सोला." आम्ही समोरासमोर बसून सोलू लागलो. दाणे ताटात पडू लागले. मग ती गुणगुणायला लागली. नवा आवाज खूप खालचा आहे, थोडा खरखरीत, दगडी पाट्यावर वरवंटा फिरावा तसा. गाणं माझ्या यादीतलं चौथं होतं, पण ते मी ओळखलं उशिराने, कारण चाल तिने सगळी खाली उतरवून घेतली होती. पूर्वी जिथे ती वर उडी घ्यायची तिथे आवाज फाटला. मी मान खाली घालून शेंगेकडे पाहत राहिले. तिने ती ओळ पुन्हा घेतली आणि मुद्दाम त्याच जागी नेऊन पुन्हा फाडली; तिसऱ्यांदा तिथे थोडी रेंगाळली, अंधारात पायरी चाचपावी तशी, आणि तिथूनच एक वाट काढून खाली आली. माझा मोबाइल आत उशाशी होता. मी उठले नाही.

मध्येच ती थांबली. एक दाणा तोंडात टाकला, चावला, म्हणाली, "गोड हाये औंदा." गाणं संपलं होतं की नुसतं थांबलं होतं, मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही. शेंगा अजून बऱ्याच होत्या.